खुराड्यातील वंशावळ

कोंबडीच्या शुद्ध जातीविषयी सर्वसाधारणपणे असा समज रूढ आहे की, जात जितकी पुरातन तितकी ती शुद्ध, आणि परक्या रक्ताचा शिरकाव जितका कमी तितके तिचे मोल अधिक. इतिहासाचे दप्तर उघडून पाहिले म्हणजे या समजाला फारसा आधार सापडत नाही. आज शुद्ध म्हणून जगन्मान्य झालेल्या जातींपैकी कित्येक जाती एकोणिसाव्या शतकात, नाना देशांच्या बंदरांतून जहाजांवर चढलेल्या कोंबड्यांच्या सरमिसळीतून, अल्पावधीत घडवल्या गेल्या आहेत. ब्रह्मपुत्रेचे नाव मिरवणारी ब्रह्मा ही जात त्या नदीच्या काठी जन्मलेली नसून, शांघायहून आलेले पक्षी आणि चितगावकडील थोराड पक्षी यांच्या संयोगातून ती अमेरिकेत सिद्ध झाली. आणि बर्नहॅम नावाच्या एका चतुर अमेरिकन व्यापाऱ्याने १८५२ साली त्यांतले काही पक्षी व्हिक्टोरिया राणीस नजर केल्यामुळे तिचा बोलबाला झाला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात 'इंडियन गेम' या नावाने जी जात उदयास आली तिच्यात आपल्याकडील असीलाचे रक्त आहे, आणि आज मांसासाठी घरोघरी येणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीच्या पूर्वजांत तिचा वाटा फार मोठा आहे.

तात्पर्य, शुद्धतेची व्याख्या वंशाच्या प्राचीनतेवरून न करता संततीच्या भाकितावरून करावी लागते. नर व मादी यांच्या अंगी जी लक्षणे आहेत तीच त्यांच्या पिलांत उतरतील असे बऱ्याच खात्रीने सांगता आले, तर ती जात शुद्ध. ही लक्षणे कोणती, हे ठरवण्यासाठी ब्रिटनमध्ये टेगेटमायर यांच्या संपादकत्वाखाली १८६५ साली आणि अमेरिकेत १८७४ साली प्रमाणग्रंथ प्रसिद्ध झाले, व त्यांत तुऱ्याच्या दात्यांपासून पायाच्या रंगापर्यंत प्रत्येक बाब मुकर्रर करण्यात आली. हे टेगेटमायर डार्विनचे सहकारी. सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा हा एकच, असा निष्कर्ष डार्विनने १८६८ साली मांडला आणि तो मुख्यत्वे खराही ठरला. परंतु २००८ साली जनुकांच्या तपासणीवरून असे दिसून आले की, पुष्कळ कोंबड्यांच्या कातडीला व पायांना पिवळेपणा देणारे जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नसून, आपल्या सह्याद्रीच्या रानांत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या कुळातून आले आहे. ज्या लेगहॉर्न जातीचे पिवळे पाय शुद्धतेचा दाखला म्हणून तपासले जातात, ते पायच मुळात एका प्राचीन संकराची साक्ष देतात.

आपल्या अंगणासाठी जात निवडताना परदेशी नावांच्या मोहात पडण्यापूर्वी देशी जातींची यादी नजरेखालून घालणे श्रेयस्कर. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो या संस्थेच्या दप्तरी भारतातील कोंबड्यांच्या जातींची रीतसर नोंद आहे. त्यांपैकी बुसरा ही नंदुरबार जिल्ह्यातली व लगतच्या गुजरातेतली, लहान चणीची आणि परसातल्या दाण्यावर व किड्यांवर निभावून नेणारी. असील मोठ्या हाडाचा, आखूड वाटाणातुऱ्याचा, छाती पुढे काढून उभा राहणारा व स्वभावाने इतका भांडखोर की दोन नर एकत्र ठेवण्याची सोयच नाही. मात्र त्याची मादी अंडी उबवण्यात आणि पिलांचे रक्षण करण्यात अव्वल. कडकनाथ ही झाबुआ, अलिराजपूर व धार भागांतील भिल्ल-भिलाला लोकांनी जतन केलेली जात असून, झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिची पिसे, कातडी, तुरा, मांस, इतकेच नव्हे तर हाडांवरचे आवरणही काळे असते.

कडकनाथाचे हे काळेपण आनुवंशिकतेचा पहिला धडा म्हणून फार उपयोगी आहे. काळा रंग अंतर्भागापर्यंत पसरवणारे जनुक प्रभावी आहे. परंतु त्या पसरण्याला आवर घालणारे दुसरे एक जनुक, जे गोऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या जातींत असते, तेही प्रभावी असून ते लिंगसूत्रावर बसलेले आहे. पक्ष्यांत मादी आपले हे सूत्र केवळ मुलग्यांना देते व नर ते मुलगे-मुली दोघांनाही देतो. म्हणून कडकनाथाचा नर आणि पिवळ्या पायांची मादी यांचा संबंध आणला तर तलंगा आईवर न जाता बापाप्रमाणे गडद निघतात आणि नरपिले फिकी पडतात. तोच संबंध उलटा, म्हणजे नर पिवळ्या पायांचा व मादी कडकनाथ असा आणला, तर सारीच पिले फिकी निघतात. विक्रेत्याने दाखवलेली एखादी काळीभोर तलंग शुद्ध असेलच असे यावरून मुळीच म्हणता येत नाही. तिचा भाऊ पाहावा, आणि शक्य झाल्यास तिची पिले पाहावीत. कारण पक्ष्याचे रूप त्याची निम्मीच हकीकत सांगते, उरलेली निम्मी त्याच्या संततीत उघड होते.

याच न्यायाने विल्यम बेट्सन या इंग्रज शास्त्रज्ञाने कोंबड्यांच्या तुऱ्यांवर प्रयोग केले, व मेंडेलचे नियम प्राणिसृष्टीतही लागू पडतात हे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या प्रयोगांत १९०२ साली त्यांची गणना झाली. वायनडॉट जातीचा चपटा, दाणेदार गुलाबतुरा साध्या एकेरी तुऱ्यावर प्रभावी ठरतो; गुलाबतुरा व असीलासारखा वाटाणातुरा एकत्र आले की दोहोंपेक्षा निराळा अक्रोडतुरा उत्पन्न होतो; आणि अशा अक्रोडतुऱ्याच्या पक्ष्यांचा आपापसांत संबंध आणल्यास सोळांत नऊ अक्रोड, तीन गुलाब, तीन वाटाणा व एक एकेरी या प्रमाणात संतती मिळते. आईबापांपैकी कोणालाही नसलेला एकेरी तुरा नातवंडांत अवतरतो, त्याचे कारण तो गुप्त रूपाने दोघांच्याही ठायी वस्तीला होता हे होय.

वायनडॉटच्या बाबतीत तर मौज अशी की, शंभरावर वर्षे एकेरी तुऱ्याची पिले कटाक्षाने वगळूनही ती अद्याप अधूनमधून निपजतातच. त्याचे कारण पुढे उलगडले. गुलाबतुऱ्याचे जनुक ज्या नरात दोन्ही बाजूंनी आले आहे, म्हणजे प्रमाणग्रंथाच्या दृष्टीने जो सर्वांत शुद्ध, त्याच नराच्या शुक्राणूंची चपळाई उणी पडते व त्याची अंडी कमी फळतात. साहजिकच एकीकडे एकेरी तुऱ्याचा अंश बाळगणाऱ्या भावापुढे तो मागे पडतो, आणि पाळणारा जे बीज दारातून घालवतो ते निसर्ग खिडकीतून आत घेतो. निळ्या अँडलुशियन जातीची गोष्ट याहून विलक्षण. ती निळी कांती काळ्या व मळकट पांढऱ्या या दोन बीजांच्या समभागातूनच उत्पन्न होत असल्यामुळे निळ्याचा निळीशी कितीही वेळा संबंध आणला तरी चार पिलांत सरासरीने एक काळे, दोन निळी आणि एक पांढरट हेच प्रमाण पडते. प्रदर्शनात शुद्ध म्हणून बक्षिसे पटकावणारा हा रंग शुद्ध स्वरूपात अस्तित्वातच येऊ शकत नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो काळी व पांढरट पिले भेसळ म्हणून टाकून देत नाही. त्या दोहोंचा परस्परांशी संबंध आणून सगळीच्या सगळी पिले निळी मिळवतो.

आता जोडण्या लावण्याविषयी. हलक्या जातीच्या एका नरास आठ ते दहा माद्या आणि जड जातीच्या नरास त्याहून थोड्या कमी, असा प्रघात आहे. मादीच्या शरीरात नराचे बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहत असल्यामुळे खुराड्यातला नर बदलला की निदान तीन आठवडे जाऊ द्यावेत, व त्यानंतरचीच अंडी नव्या नराच्या नावे मांडावीत. अन्यथा पितृत्वाचा वाद कायमचा अनिर्णित राहतो.

एक उमदा नर निवडून वर्षानुवर्षे त्याचीच संतती वाढवत जाण्याची जी सर्वत्र प्रवृत्ती दिसते, ती मात्र घातक होय. प्रत्येक पिलू निम्मा वारसा बापाकडून घेते. म्हणून एक नर व दहा माद्या अशा अकरा पक्ष्यांचा कळप वंशाच्या हिशेबाने जेमतेम साडेतीन पक्ष्यांएवढाच भरतो. तीन नर व तीस माद्या ठेवल्या तर हा आकडा अकराच्या घरात जातो. पण पाच नर आणि दहाच माद्या ठेवल्या तर तो तेराच्या वर चढतो. पंधरा पक्ष्यांचा कळप तेहतीस पक्ष्यांच्या कळपाहून वंशरक्षणास अधिक समर्थ ठरावा, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. परंतु नरांची संख्याच येथे निर्णायक असते. नर थोडे ठेवले म्हणजे काही पिढ्यांत अंडी कमी फळू लागतात, फळलेल्यांतली पिले कवचातच मरतात, आणि जगलेली रोगाला चटकन बळी पडतात. ही सर्व लक्षणे हळूहळू, एकेका हंगामात थोडी थोडी वाढत असल्यामुळे पाळणारा कधी उबवणीच्या यंत्राला दोष देतो, कधी दाण्याला, आणि मूळ कारण खुराड्यात तसेच राहते.

यावर घरगुती माणसाला झेपेल असा तोडगा तीन खुराड्यांचा आहे. कळपाचे अ, ब व क असे तीन भाग पाडावेत. दर हंगामी अ मधील निवडक तरुण नर ब मध्ये, ब मधले क मध्ये आणि क मधले अ मध्ये पाठवावेत. तलंगा मात्र आपल्या आईच्याच खुराड्यात राहतात. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळताना मुलगी सासरी जाते. येथे मुली माहेरीच नांदतात आणि मुलगे शेजारच्या घरी घरजावई म्हणून जातात, एवढाच काय तो फरक. या एका नियमाने सख्ख्या भावंडांचा संबंध आपोआप टळतो, आणि बाहेरून नवा पक्षी न आणता जात दीर्घकाळ टिकवता येते.

ही सर्व व्यवस्था वहीवाचून व्यर्थ आहे. अंडे गोळा करताच त्यावर साध्या पेन्सिलीने खुराड्याचे अक्षर व तारीख लिहावी. शाईचा उपयोग करू नये, कारण कवच सच्छिद्र असते. पिलू निघाले की त्याच्या पायाच्या बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक छिद्र पाडून खूण करण्याची जुनी रीत आहे. एका पायाला असे दोन पडदे, म्हणजे दोन पायांना चार; प्रत्येकाला छिद्र आहे किंवा नाही या दोन शक्यता धरल्या म्हणजे सोळा निरनिराळ्या खुणा होतात व त्या जन्मभर पुसल्या जात नाहीत. खूण, आईबापांचे खुराडे, जन्मतारीख, सहाव्या महिन्यातले वजन, तुऱ्याचा प्रकार, पहिल्या अंड्याची तारीख आणि मृत्यू झाल्यास त्याचे कारण, एवढे रकाने पुरेत. आपल्या जमिनीचा सातबारा जो जपून ठेवतो, त्याला या खतावणीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

उबवणीसाठी अंडी निवडताना फार मोठी, फार लहान, पातळ कवचाची व वेडीवाकडी अंडी बाजूला काढावीत. अंडे धुऊ नये. धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक संरक्षक आवरण निघून जाते व जंतूंना वाट मोकळी होते. साठवण १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या गारव्यात, टोक खाली करून आणि शक्यतो आठवड्याच्या आतच असावी. वैशाखात विदर्भातल्या घरातली हवाच चाळिशीला पोहोचते, तेव्हा अंड्यातला गर्भ रवणीला बसण्यापूर्वीच अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. म्हणून आपल्याकडे पिले काढण्याचा हंगाम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा धरणे शहाणपणाचे. पावसाळ्यात उलट हवेतली ओल अंड्यातले पाणी उडू देत नाही, आणि पूर्ण वाढलेले पिलूही कवचात गुदमरते.

ज्याच्या घरी खुडूक कोंबडी आहे त्याला यंत्राची गरज नाही. पिसे फुलवून, धारदार आवाजात कुरकुरत ती घरट्याला चिकटून बसली की दोन दिवस खोटी अंडी देऊन तिचा निश्चय पारखावा, आणि मग रात्रीच्या वेळी खरी अंडी, मध्यम चणीच्या कोंबडीला दहा-बारा, सगळी एकाच दिवशी तिच्याखाली सरकवावीत. दिवसातून एकदा ती दाणापाण्यासाठी उठते आणि तेवढ्यात अंडी थोडी निवतात, त्यात चिंतेचे कारण नाही. लेगहॉर्नमध्ये ही खुडूक होण्याची वृत्ती निवडीनिवडीने जवळजवळ नाहीशी करण्यात आली आहे, आणि कडकनाथाची मादीही या कामात उदासीन असल्याचा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणून त्यांची अंडी गावठी किंवा असील कोंबडीच्या रवणीला घालतात.

यंत्राचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबवण्याची कला प्राचीन काळापासून चालत आली असून, तिथले कारागीर अंडे पापणीला लावून उष्णतेचा अंदाज घेत. फ्रान्सचा रेओम्यूर याने अठराव्या शतकात या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आजच्या पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान एकवीस दिवस राखावे लागते. पहिले अठरा दिवस हवेतील आर्द्रता पन्नास ते पंचावन्न टक्के व शेवटचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर टक्के असावी, आणि अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून निदान तीन ते पाच वेळा फिरवावीत, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. आर्द्रतेची खरी परीक्षा काट्यावर होते. पन्नास ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी चव्वेचाळीस ग्रॅमच्या जवळपास भरले, तर पाणी योग्य प्रमाणात उडाले असे समजावे. मध्येच वीज गेली तर झाकण न उघडता यंत्रावर गोधडी पांघरावी. गर्भ काही तासांचा गारवा सोसतो, अतिरिक्त उष्णता मात्र थोडा वेळही सोसत नाही.

सातव्या रात्री खोली अंधारी करून, पुठ्ठ्याला अंड्याहून लहान भोक पाडून त्यामागे विजेरी धरावी, व अंड्याचा बोथट भाग त्या भोकाला टेकवावा. जिवंत अंड्यात तांबड्या शिरांचे कोळिष्टक पसरलेले दिसते व त्याच्या मध्याशी एक काळा ठिपका मधूनमधून हलतो. तो पिलाचा डोळा. नुसता पिवळसर उजेड आरपार आला तर अंडे फळलेलेच नाही, आणि शिरांऐवजी रक्ताचे एक कडे तेवढे दिसले तर गर्भ वाढू लागून मेला असे जाणावे. या दोन प्रकारांची वहीत निरनिराळी नोंद झालीच पाहिजे: पहिल्याचा दोष बहुधा नराकडे किंवा जोडणीकडे जातो, दुसऱ्याचा साठवणीकडे, उष्णतेकडे अथवा निकट संबंधाकडे.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिलू चोचीने आतला पापुद्रा फोडून बोथट टोकाच्या हवेच्या पोकळीत पहिला श्वास घेते, त्यानंतर चोचीवरच्या कठीण दातऱ्याने कवचाला बाहेरून दिसेल असा तडा पाडते, आणि मग तासन्‌तास स्वस्थ पडून राहते. पाहणाऱ्याला वाटते ते थकले, आणि तो नखाने कवच सोलू लागतो. वस्तुतः त्या अवधीत उरलेला बलक पोटात ओढला जात असतो व पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या सुकत असतात. त्या सुकण्यापूर्वी कवच सोलले तर पिलू रक्तस्रावाने दगावते. पोटात घेतलेल्या त्या बलकावर नवजात पिलू दोन दिवस दाण्यावाचून निभावते, आणि म्हणूनच एक दिवसाची पिले दूरच्या गावी धाडता येतात. पुढे पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब द्यावी व दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी उतरवावी. पिले दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी, कडेला जाऊन धापा टाकू लागली तर अधिक. तापमापकाहून हा पुरावा भरवशाचा.

रोगांपैकी मानमोडीवरची लस पहिल्या आठवड्यातच थेंबांनी द्यावी, हे सर्वश्रुत आहे. वंश राखणाऱ्याने विशेष धास्ती धरावी ती पुलोरमची, कारण हा रोग वरून धडधाकट दिसणाऱ्या मादीच्या बीजकोशातून अंड्यात आणि अंड्यातून पिलात उतरतो. पैदाशीच्या माद्यांची रक्ततपासणी पशुवैद्याकडून करवून घेणे हाच यावर बंदोबस्त होय.

शेवटचा हिशेब कटू आहे. शंभर अंड्यांतून साठ-सत्तर पिले हाती लागली तर घरगुती माणसाने समाधान मानावे, आणि त्यांतले निम्मे नर असतात. पैदाशीला लागणारे नर थोडे. उरलेल्यांचे काय करावयाचे, याचा निर्णय अंडी रवणीला घालण्यापूर्वी घेतलेला असावा. निवड करताना पिसांच्या सौंदर्याकडे सर्वांत शेवटी पाहावे. जगण्याची ताकद, चांगली वाढ, फळणारी अंडी व सौम्य स्वभाव यांत जो उतरला त्याचाच तुरा आणि रंग प्रमाणग्रंथाशी ताडावा. क्रम उलटा केला तर काही पिढ्यांत देखणा पण दुबळा कळप पदरी पडतो. आणि कळप कितीही उत्तम साधला तरी तो एकाच आवारात ठेवू नये, कारण मानमोडीची एक साथ वा मुंगसाची एक रात्र वर्षांची मेहनत धुऊन नेण्यास पुरेशी आहे. दोन-तीन विश्वासू घरी त्याची अंडी द्यावीत, आणि अंड्यांसोबत वहीची नक्कलही द्यावी. म्हणजे पुढे आपल्या खुराड्यात नवा नर घेण्याची वेळ आली तर तो कोणाच्या पोटचा हे विचारत गावोगाव हिंडावे लागणार नाही.